आडवी दांडी की उतरती? रोड बाइकची फ्रेम निवडताना काय मोजायचं, काय सोडून द्यायचं

रोड बाइककडे बाजूने पाहिलं की सगळ्यात आधी नजरेत भरते ती वरची दांडी, म्हणजे टॉप ट्यूब. काही सायकलींवर ती जमिनीला समांतर, सरळ आडवी असते. काहींवर ती हँडलकडून सीटकडे खाली उतरत जाते. पहिल्या प्रकाराला पारंपरिक फ्रेम म्हणतात, दुसऱ्याला स्लोपिंग किंवा कॉम्पॅक्ट. निवडायची वेळ आली की चहूबाजूंनी सल्ले येतात. आडवी दांडी म्हणजे खरी रेसिंग सायकल, उतरती म्हणजे आरामाची. उतरती हलकी आणि कडक, आडवी जड आणि लवचिक. उंच माणसाने आडवी घ्यावी, बुटक्याने उतरती.

यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे आणि त्यावर विसंबून सायकल घेतली तर पाठ, मान आणि मनगटं त्याची किंमत मोजतात. तुमचं शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकतं: सॅडल, पेडल आणि हँडलबार. ही तीन ठिकाणं एकमेकांपासून योग्य अंतरावर असतील, तर वरची दांडी आडवी आहे की तिरकी हे शरीराला कळतसुद्धा नाही. उताराचा संबंध येतो तो वेगळ्या प्रश्नाशी: तुमच्या शरीराच्या ठेवणीला ती तीन ठिकाणं त्या फ्रेमवर नीट, सुरक्षितपणे आणि ओढाताण न करता जुळवता येतात का? म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. आधी शरीर, मग आकडे, आणि उतार सगळ्यात शेवटी.

उतार आला कुठून

स्टीलच्या जुन्या फ्रेममध्ये नळ्या लग नावाच्या ओतीव सांध्यांमध्ये बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडल्या जात. हे लग ठराविक कोनांचेच मिळत, त्यामुळे दांडी आडवी ठेवणं कारागिराला सोयीचं होतं. मापही सोपं होतं. सीट ट्यूबची, म्हणजे सॅडलखालच्या उभ्या नळीची, लांबी हाच फ्रेमचा नंबर. ५२, ५३, ५४ असे एकेका सेंटीमीटरने चढणारे आकार बनत आणि दांडी आडवी असल्यामुळे त्या एका आकड्यावरून हँडल किती उंच येईल याचाही अंदाज लागे.

वेल्डिंगने जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या आणि साच्यात घडवलेल्या कार्बनच्या फ्रेम आल्या तेव्हा कोनांचं हे बंधन सुटलं. माउंटन बाइकची दांडी तर आधीच खाली उतरली होती, कारण खडबडीत उतारावर झटकन पाय टेकायला जागा लागते. रोड बाइकमध्ये हा बदल रुजवला तो तैवानच्या जायंट कंपनीच्या टीसीआर या मॉडेलने, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. टीसीआर म्हणजे टोटल कॉम्पॅक्ट रोड. तिचे रचनाकार माइक बरोज. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलवर परस्यूटचं, म्हणजे ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं, तिच्यामागेही बरोजचंच डोकं होतं. स्पेनच्या ओन्से संघाने टीसीआर मोठ्या शर्यतींत उतरवली आणि मग बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या.

या बदलात स्वाराइतकाच कारखान्याचाही फायदा होता. लांब सीटपोस्ट (सॅडलखालचा दांडा) आणि वेगवेगळ्या लांबीचे स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) वापरले, तर दहाबारा आकारांऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मोजक्या आकारांत बहुतेक लोकांना बसवता येतं. साचे कमी, साठा कमी. यात लबाडी काही नाही, पण ही गोष्ट लक्षात असलेली बरी, कारण ‘मीडियम तुम्हाला बसेलच’ या वाक्याचं मूळ इथे आहे.

पायरी १: आधी स्वतःला मोजा

दोन मापं पुरतात: पायाची आतली लांबी आणि एकूण उंची.

पायाची आतली लांबी म्हणजे इनसीम. पँटचं माप इथे चालत नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांमध्ये साधारण वीतभर अंतर ठेवा. कडक पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला टेकवून वर सरकवा. सॅडलवर बसल्यावर जितका दाब येतो तितका आला पाहिजे. नुसतं टेकवून सोडलं तर माप दीड-दोन सेंटीमीटरने चुकतं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या आणि शक्य असेल तर मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात द्या.

या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या जोडाच्या, मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र जगभर वापरलं जातं. इनसीम ८० सेंटीमीटर असेल तर ८० × ०.८८३ = ७०.६ सेंटीमीटर. हा सुरुवातीचा आकडा आहे. बुटाचा तळ, क्लीटची (बुटाखालच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीची) जाडी, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, मांडीमागच्या स्नायूंची लवचिकता यांमुळे तो थोडा मागेपुढे होतोच. पण फ्रेम निवडायला एवढी अचूकता भरपूर झाली.

आता इनसीमला एकूण उंचीने भागा. उत्तर ०.४६ ते ०.४७ च्या आसपास आलं तर ठेवण मध्यम. ०.४५ किंवा त्याहून कमी आलं तर पाय तुलनेने आखूड आणि धड लांब. ०.४८ च्या वर गेलं तर पाय लांब, धड आखूड. या एका भागाकारावर पुढची अर्धी निवड अवलंबून आहे, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा.

पायरी २: सध्याच्या सायकलचं माप काढा

जी सायकल तुम्ही आत्ता चालवता, ती कितीही साधी असो, तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. तिच्यावर तासाभराने काय दुखतं ते तुम्हाला माहीत आहे. तिचे आकडे हातात असले की नवीन फ्रेम त्यांच्याशी ताडून पाहता येते.

सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा आणि पुढचं चाक भिंतीला टेकवा. चार मापं घ्या: जमिनीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतची उंची, जमिनीपासून हेड ट्यूबच्या (पुढच्या, हँडलखालच्या आखूड नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतची उंची, भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर आणि भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. दोन उंच्यांची वजाबाकी म्हणजे स्टॅक. दोन आडव्या अंतरांची वजाबाकी म्हणजे रीच. ओळंबा मिळाला तर आडवी मापं बिनचूक येतात.

जोडीला सॅडलची उंची, सॅडलच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचं अंतर, आणि हँडलबार सॅडलपेक्षा किती खाली किंवा वर आहे तेही टिपून ठेवा. त्यासमोर शरीराचं म्हणणं लिहा: मान आखडते, तळहात बधिर होतात, पुढे फार ताणून बसावं लागतं, की उलट गुडघे आणि हँडल यांत अडचण होते.

पायरी ३: स्टॅक आणि रीच वाचायला शिका

या पायरीला घाई करू नका. ती समजली की दांडीच्या उताराबद्दलचा निम्मा वाद आपोआप मिटतो.

स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची. रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. फ्रेमचा पुढचा भाग किती उंच आणि किती लांब आहे हे या दोन आकड्यांत आलं. यात सीट ट्यूब कुठेच नाही, दांडीचा उतारही नाही. एका फ्रेमची दांडी आडवी आणि दुसरीची सहा अंशांनी उतरती आहे असं समजा. दोघींचा स्टॅक ५५० मिलिमीटर, रीच ३८५ मिलिमीटर आणि सीट ट्यूबचा कोन एकच. दोन्हींवर सॅडल, स्टेम, हँडलबार सारखेच लावले तर तुमची बैठक तंतोतंत सारखी येईल. एकीवर सीटपोस्ट कमी दिसेल, दुसरीवर जास्त. बस, बैठकीपुरता फरक संपला.

म्हणून ‘उतरत्या दांडीच्या सायकलवर ताठ बसता येतं’ हे म्हणणं टिकत नाही. ताठ बसवतो तो जास्त स्टॅक, म्हणजे लांब हेड ट्यूब. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्यावर आरामात बसण्यासाठीच्या, प्रकारच्या सायकलींची हेड ट्यूब लांब असते आणि योगायोगाने त्यांची दांडीही उतरती असते, त्यातून हा गैरसमज पसरला. शर्यतीच्या कित्येक कार्बन फ्रेमची दांडीही उतरतीच असते आणि त्यांच्यावर पाठ जवळजवळ आडवी करावी लागते. स्टॅकला रीचने भागून पाहा. १.४५ च्या आसपास किंवा खाली आलं तर फ्रेम शर्यतीच्या वळणाची. १.५ च्या वर गेलं तर आरामाकडे झुकलेली.

रीच एकट्याने पाहू नका, तो नेहमी स्टॅकसोबत वाचायचा. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे हँडल वर उचललं की ते थोडं मागेही येतं. हेड ट्यूबचा कोन ७३ अंश असेल तर २० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे स्टेमखालच्या कड्या, घातल्यावर हँडल सुमारे १९ मिलिमीटर वर आणि सुमारे ६ मिलिमीटर मागे सरकतं. म्हणजे स्टॅक ५५० आणि रीच ३८५ असलेली फ्रेम २० मिलिमीटर स्पेसर घातल्यावर ५६९ आणि ३७९ च्या जवळ जाते. समोर ५७० आणि ३८० ची दुसरी फ्रेम असेल, तर दोघी व्यवहारात एकाच मापाच्या आहेत. नुसत्या रीचवरून पहिली ‘५ मिलिमीटरने लांब’ म्हणून नाकारणं चूक ठरेल.

तक्त्यांमध्ये ‘इफेक्टिव्ह टॉप ट्यूब’ असाही आकडा असतो. हेड ट्यूबच्या माथ्यापासून सीटपोस्टच्या रेषेपर्यंत आडवी रेष ओढली तर तिची जी लांबी भरेल ती. उतरत्या दांडीची प्रत्यक्ष लांबी फसवी असते, म्हणून हा आकडा आला. तो उपयोगी आहे, पण त्याच्यात एक मेख आहे: तो सीट ट्यूबच्या कोनावर अवलंबून असतो. ५५० मिलिमीटर स्टॅकच्या दोन फ्रेमची इफेक्टिव्ह टॉप ट्यूब सारखी आहे, पण एकीची सीट ट्यूब ७३ अंशांत आणि दुसरीची ७४ अंशांत आहे, तर त्यांच्या रीचमध्ये सुमारे १ सेंटीमीटरचा फरक पडतो. ७४ अंशांची फ्रेम पुढच्या बाजूला लांब निघते.

सीट ट्यूबच्या कोनाचं आणखी एक काम आहे. सॅडलची उंची ७० सेंटीमीटरच्या आसपास असताना एका अंशाने सॅडल साधारण सव्वा सेंटीमीटर पुढे किंवा मागे जातं. मांडीचं हाड लांब असेल तर कमी अंशांचा, म्हणजे अधिक कललेला कोन सोयीचा. सॅडलच्या रुळांवर मागेपुढे सरकवायला जागा असते, पण ती अमर्याद नसते.

जुन्या आडव्या दांडीच्या फ्रेमशी तुलना करताना एक हिशेब हमखास राहून जातो. जुन्या फ्रेममध्ये हेडसेटची (हँडल जिथे फिरतं त्या जोडाची) बेअरिंग हेड ट्यूबच्या बाहेर, वरच्या तोंडावर बसतात आणि त्यांचीच उंची दोन-अडीच सेंटीमीटर भरते. आजच्या बऱ्याच फ्रेममध्ये बेअरिंग हेड ट्यूबच्या आत असतात. म्हणून जुनीचा मोजलेला स्टॅक ५२५ आणि नवीचा ५५० असेल तर नवी उंच आहे असं समजू नका. बेअरिंगची उंची धरल्यावर दोघी जवळपास बरोबरीत येतात.

पायरी ४: उतार जिथे खरोखर फरक पाडतो

पहिली जागा, दांडीवरून उभं राहण्याची उंची, म्हणजे स्टँडओव्हर. सिग्नलला थांबताना सॅडलवरून पुढे उतरून दोन्ही पाय टेकले की दांडी आणि जांघ यांत मोकळी जागा हवी. रोड बाइकला अडीच ते पाच सेंटीमीटर पुरते. आपल्या ८० सेंटीमीटर इनसीमच्या उदाहरणात जुन्या सूत्राने, म्हणजे इनसीम × ०.६५ ने, मध्यापासून मध्यापर्यंत ५२ सेंटीमीटरची आडवी फ्रेम येते. तिच्या दांडीचा माथा जमिनीपासून साधारण ७८ सेंटीमीटरवर असतो. अनवाणी पायांना उरले दोन सेंटीमीटर, बुटांनी आणखी दोनेक मिळतात. म्हणजे जेमतेम जमतं. दांडी मागे पाच-सहा सेंटीमीटर खाली आली की ही चिंता उरत नाही. दांडी तिरकी असल्यामुळे स्टँडओव्हर जागेनुसार बदलतो आणि कंपन्या तो वेगवेगळ्या बिंदूवर मोजतात. दोन कंपन्यांचे हे आकडे एकमेकांसमोर ठेवण्यापेक्षा सायकलवर उभं राहून पाहणं खात्रीचं.

दुसरी जागा सीटपोस्ट, आणि इथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्याच माणसाचा सॅडल ७०.६ वर. सॅडल आणि क्लँपचे पाचेक सेंटीमीटर वजा केले, तर त्याच आडव्या फ्रेमवर (माथ्यापर्यंत मोजली तर तिची सीट ट्यूब सुमारे ५३ सेंटीमीटर) १२-१३ सेंटीमीटर सीटपोस्ट बाहेर दिसेल. ४७ सेंटीमीटर सीट ट्यूबच्या उतरत्या फ्रेमवर ती साडेअठरा होईल. तेवढी लांब सीटपोस्ट हवी आणि तिच्यावरची ‘किमान आत’ ही खूण सीट ट्यूबच्या आत बुडालेली हवी. एवढ्यावर भागत नाही. सीटपोस्टचं खालचं टोक दांडी जिथे सीट ट्यूबला मिळते त्या जोडाच्याही खाली गेलेलं असावं. नाहीतर सगळा भार ट्यूबच्या वरच्या टोकावर येतो आणि तिथे तडा जातो. फ्रेमच्या कंपनीने स्वतःची किमान मर्यादा दिली असेल तर खूण आणि मर्यादा यांपैकी जी जास्त, ती पाळायची. आजच्या अनेक फ्रेमला गोल नळीऐवजी खास आकाराची सीटपोस्ट असते. ती बाजारात दुसरीकडून मिळत नाही. लांब पायांच्या माणसाने तिची जास्तीत जास्त उंची विकत घेण्याआधीच विचारून घ्यावी.

तिसरी जागा अगदी लहान फ्रेम. आडव्या दांडीची ४८ ची फ्रेम बनवायची तर हेड ट्यूब इतकी आखूड करावी लागते की वरची दांडी आणि खालची डाउन ट्यूब पुढे जवळजवळ एकमेकींना चिकटतात. कारागीर मग कोन बदलून, पुढचा भाग लांबवून काहीतरी जुळवतो आणि बैठक बिघडते. १६० सेंटीमीटरच्या आतबाहेर उंची असलेल्या स्वारांना उतरत्या दांडीने जितका न्याय दिला तितका कुणालाच दिला नसेल. माझ्या मते हीच या भूमितीची सगळ्यात मोठी देणगी आहे. तरी ७०० सी, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मापाच्या, चाकांवर लहान फ्रेममध्ये वळताना बुटाचं टोक चाकाला लागण्याचा धोका उरतोच. त्याचा दांडीशी संबंध नाही, तो वेगळा तपासा.

बाकीचे फरक सोयीचे आहेत. आडव्या दांडीच्या त्रिकोणात जागा जास्त, म्हणून दोन मोठ्या बाटल्या, फ्रेमची पिशवी आणि पंप हे सगळं बसतं. लांब पल्ल्याला, दिवसरात्र चालवणाऱ्यांना ही गोष्ट मोलाची. लहान उतरत्या फ्रेममध्ये सीट ट्यूबवरची मोठी बाटली काढताना दांडीला अडते. त्यावर बाजूने बाटली काढता येणारा केज (बाटलीचा खोबणा) हा सोपा उपाय. उलट मोठ्या आडव्या फ्रेमवर सीटपोस्ट एवढी कमी उघडी राहते की मागचा दिवा आणि सॅडलच्या पिशवीचा पट्टा यांना एकाच चार बोटं जागेवर भांडावं लागतं. कार्बन फ्रेम दुरुस्तीच्या स्टँडला दांडीने कधीच आवळू नये, सीटपोस्टने धरावी. तिथे उतरती सोयीची.

पायरी ५: वजन, कडकपणा आणि आराम यांचे दावे

लहान त्रिकोण म्हणजे आखूड नळ्या. म्हणून फ्रेम थोडी हलकी आणि तत्त्वतः थोडी कडक. हे खरं आहे. पण वाचलेल्या वजनातलं काही लांब सीटपोस्ट परत घेते, आणि कडकपणा ठरतो तो मुख्यतः नळ्यांचा व्यास, भिंतीची जाडी, बॉटम ब्रॅकेटची रचना आणि कार्बनचे थर कसे रचले यांवरून. जाड अॅल्युमिनियमची आडवी फ्रेम बारीक स्टीलच्या उतरत्या फ्रेमपेक्षा सहज कडक असते. केवळ उतारामुळे पेडल मारताना फरक जाणवेल अशी अपेक्षा ठेवून पैसे मोजू नका.

आरामाबाबत उताराच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे. सीटपोस्ट जितकी जास्त उघडी, तितकी ती खड्ड्यावर वाकते. २७.२ मिलिमीटर व्यासाची कार्बन सीटपोस्ट भरपूर बाहेर असेल तर मागून येणारे हादरे खरोखर मऊ होतात. ३१.६ ची जाड सीटपोस्ट तेवढी वाकत नाही. तरीही आराम हवा असेल तर पहिला पैसा रुंद टायरवर घाला. २५ च्या जागी २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर आणि बेताची हवा यांनी जे साधतं ते कुठल्याही दांडीने साधत नाही. म्हणून फ्रेम आणि ब्रेकमध्ये केवढा टायर मावतो हा प्रश्न उताराच्या आधी विचारा.

शर्यतीत उतरणार असाल तर यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या तांत्रिक नियमांत दांडीच्या उतारालाही चौकट आहे: टॉप ट्यूब १६ सेंटीमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्यात मावली पाहिजे. नेहमीच्या रोड बाइक या मर्यादेत आरामात बसतात.

पायरी ६: शरीराची ठेवण आणि फ्रेम यांची गाठ घाला

आता पहिल्या पायरीतला भागाकार काढा.

पाय आखूड, धड लांब असेल तर उतरती दांडी जवळजवळ निर्विवाद. अशा माणसाला रीच जास्त हवा. आडव्या फ्रेममध्ये तेवढी लांबी मिळवायला मोठा नंबर घ्यावा लागतो आणि मग दांडीवरून उभं राहता येत नाही. उतरत्या फ्रेममध्ये लांबी मिळते आणि दांडी खालीही राहते. इथे रीच पाहून आकार ठरवा, सीट ट्यूबचा आकडा विसरा.

पाय लांब, धड आखूड असेल तर विचार जास्त करावा लागतो. इथेच सर्वाधिक लोक फसतात. दुकानात रीच जुळतो म्हणून लहान आकाराची उतरती फ्रेम पुढे केली जाते. सीटपोस्ट वर ओढली की सॅडल बरोबर येतं, पण हेड ट्यूब आखूड असल्यामुळे हँडल सॅडलपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर खाली राहतं. मग स्पेसरचा मनोरा उभा करावा लागतो, आणि कार्बनच्या स्टिअररवर (हेड ट्यूबमधून वर येणाऱ्या, स्टेम धरणाऱ्या नळीवर) किती स्पेसर चालतात याला कंपनीने मर्यादा घातलेली असते. अशा ठेवणीला दोन चांगले रस्ते आहेत. एक, जास्त स्टॅकची एन्ड्युरन्स फ्रेम. दोन, आडव्या दांडीची मोठ्या नंबरची फ्रेम, कारण तिची हेड ट्यूब मुळातच लांब असते, आणि तिच्यावर एक-दोन सेंटीमीटर आखूड स्टेम. पाय लांब असल्याने दांडीवरून उभं राहण्याची अडचण येत नाही. उंच आणि लांब पायांच्या स्वाराला आडवी फ्रेम शोभतेही आणि बसतेही.

ठेवण मध्यम असेल तर तुमच्यापुढे दोन्ही दारं उघडी आहेत. मग डोळ्यांना काय आवडतं हेही ग्राह्य धरा. रोज हात लावावासा वाटेल अशी सायकल जास्त चालवली जाते.

दोन आकारांच्या मध्ये अडकलात तर स्टेमकडे पाहा. योग्य बैठकीसाठी ९० ते १२० मिलिमीटरचा स्टेम लागत असेल तर आकार बरोबर. ८० च्या खाली किंवा १३० च्या वर जावं लागत असेल तर दुसरा आकार पाहा. हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात असलेल्या सायकलींवर स्टेम बदलणं खर्चिक आणि किचकट असतं, तिथे ही खात्री आधीच करावी.

पायरी ७: जुनी आडवी स्टील फ्रेम घेत असाल तर

आडव्या दांडीची नवीन फ्रेम हवी तर आज स्टील आणि टायटॅनियममध्ये, बऱ्याचदा मापावर बनवणाऱ्यांकडे शोधावी लागते. पण वापरलेल्या स्टील फ्रेम पुष्कळ फिरत असतात आणि त्यांतल्या कित्येक अजून आयुष्यभर चालतील अशा आहेत. पाहताना सीटपोस्ट आणि क्विल स्टेम (आत शिरणारा जुन्या पद्धतीचा स्टेम) हलतात का ते सर्वांत आधी तपासा. गंजून आत चिकटलेली अॅल्युमिनियमची सीटपोस्ट काढताना फ्रेम निकामी होऊ शकते. बॉटम ब्रॅकेटच्या आसपास आतून गंज आहे का, हेड ट्यूबच्या मागे दांडी आणि डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला रंगाला सुरकुत्या आहेत का, ते बोट फिरवून बघा. तशी सुरकुती समोरून बसलेल्या धडकेची खूण असते.

मागच्या फोर्कएंडमधलं, म्हणजे मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या दोन टोकांमधलं, अंतर मोजा. १२० आणि १२६ मिलिमीटर ही जुनी मापं, १३० हे नंतरच्या रिम ब्रेकच्या रोड बाइकचं. स्टीलची १२६ ची फ्रेम जाणकाराकडून १३० पर्यंत उघडून घेता येते. कार्बन आणि अॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नका. क्विल स्टेम वरखाली सरकवता येतो, ही जुन्या सायकलींची मोठी सोय. मात्र त्याच्यावरही किमान खूण असते आणि ती बाहेर दिसता कामा नये.

पायरी ८: चालवून पाहा, पण नीट

दुकानाच्या दारात दोन चकरा मारून काही कळत नाही. आधी सॅडल तुमच्या आकड्यावर लावून घ्या. किमान अर्धा तास, चढ आणि वळणं असलेल्या रस्त्यावर चालवा. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून कोपर थोडे वाकलेले राहतात का? खालच्या पकडीत मांड्या पोटाला भिडतात का? उतारावर ब्रेक मारताना सगळं वजन तळहातांवर येतं का? उभं राहून चढताना गुडघा हँडलला लागतो का? मग थांबून दांडीवरून उभे राहा, नेहमीच्याच बुटांत.

दोन सायकली ताडून पाहत असाल तर दोन्हींच्या टायरमध्ये सारखी हवा भरून घ्या. हवेतला फरक फ्रेमचा म्हणून खपतो, असं फार वेळा होतं.

सायकल घरी आणल्यावर सीटपोस्टवर चिकटपट्टीने खूण करा, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने) क्लँप लिहिलेल्या मापावर आवळा, कार्बन असेल तर कार्बनचं पेस्ट लावून. सुरुवातीचे काही दिवस सीटपोस्ट खाली सरकते का पाहा. उतरत्या फ्रेमवर उघडी सीटपोस्ट लांब असल्याने थोडंसं घसरणं पटकन लक्षात येत नाही आणि गुडघा आधी तक्रार करतो. बैठकीत बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच, पाच मिलिमीटरच्या आत, आणि पुढचा बदल दोन-तीन लांब फेऱ्या झाल्यावर.